मोकळीक

वेंगुर्ल्यात त्या काळी लग्न ठरलं की आधी दवाखान्यात वधूवरांचे नमुने जायचे. लैंगिक संसर्गाची तपासणी करायला आता कोणी तोंड लपवून जात नसे; उलट दोन्हीकडची मंडळी नटूनथटून जमत. मग वधूवर सगळ्यांदेखत एकमेकांना ‘मोकळीक’ भरवत. ही गोळी शरीरात दडलेला जुना संसर्ग मुळासकट नाहीसा करी. त्यानंतरच अक्षता पडत.

सुनेत्रा दळवीने पन्नाशी ओलांडली होती. पहिला नवरा जयदेव समुद्रात बुडाला, देह सापडलाच नाही; त्याची राखही तिच्या हाती आली नव्हती. आता श्रीरंगशी लग्न करायचं होतं.

“तुम्हाला हर्पिस आहे,” डॉ. मुजावर म्हणाल्या. “हा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून असतो, मधूनच जागा होतो. मांडीवर फोड येतात ना, ते त्याचेच.”

“पण आला कुठून?”

“ते वंशमागाची तपासणी सांगते. विषाणू वाढताना त्याच्या जनुकांत बारीक चुका होतात आणि त्या पुढच्या पिढ्यांत उतरतात. त्या चुका जुळवत मागे गेलं की मूळ घर सापडतं. तुमच्या पहिल्या लग्नाच्या वेळी मोकळीक निघाली नव्हती, पण जयदेवरावांचा तेव्हाचा नमुना इथे जपून ठेवला होता; त्याच्याशी तुमचा जुळला. हा त्यांच्याकडच्या विषाणूचाच वंश.”

“म्हणजे त्याच्या अंगातलं काहीतरी अजून जिवंत आहे?”

“आहे. पण त्याचं कसलं कौतुक! गोळी घेतली की संपलं.”

डॉक्टर हसल्या, पण सुनेत्राला हसू आलं नाही. ज्या फोडांची इतकी वर्षं लाज वाटली, त्यांच्यावर तिचा एकदम जीव जडला. त्यानंतरचे दिवस ती पाण्याखालून चालावं तशी वावरली.

लग्नाच्या दिवशी श्रीरंगने गोळी पुढे केली, पण तिने तोंड उघडलं नाही. त्याला बाजूला नेऊन तिने सगळं सांगितलं. “तुलाही होईल. नको असेल तर आत्ताच नाही म्हण.”

भला माणूस तो. गोळी खिशात टाकत म्हणाला, “राहू दे त्याला. मला तू हवी आहेस.”

अक्षता गोळीविनाच पडल्या. पुढच्या वर्षी श्रीरंगच्या कमरेवर फोड उठले. दुपारच्या मंद उजेडात सुनेत्रा त्याच्या शेजारी बसली आणि फोडांभोवती अलगद बोटं फिरवत राहिली. इतक्या मायेने तिने त्याला कधीच हात लावला नव्हता. तिचे डोळे मिटले होते, चेहरा सुखावला होता.

“सुनेत्रा,” श्रीरंग हळूच म्हणाला, “कोणाला गोंजारतेयस?”

तिने डोळे उघडले नाहीत. हातही काढला नाही.