धूळ पुसणारं यंत्र

चहा तुम्हीच ओतून घ्या. किटली तुमच्या हाताशी आहे, आणि मी हल्ली फारशी ऊठबस करत नाही. जर्दाळूचा मुरंबाही घ्या, अपाच्या हातचा आहे. अपा म्हणजे माझी आई. ती आतल्या खोलीत पडली आहे, म्हणून आपण जरा हळू बोलू.

तर तुमच्या वडिलांच्या निगेटिव्ह आणि स्लाइड घरात पडून आहेत, त्यांची चित्रं संगणकात घ्यायची आहेत, आणि परवडेल असा स्कॅनर कुठला, हे तुम्हाला माझ्याकडून हवं आहे. आमच्या या काराकोल गावात हे विचारायला माझ्याकडेच का पाठवलं, तेही मला कळलं. त्या कपाटावर काळी डबी आहे ना, खेळण्यासारखी दिसणारी? तोच माझा स्कॅनर. बाजारातला सगळ्यात स्वस्त. वस्तू घेताना मी दुकानदाराला रडकुंडीला आणते अशी माझी ख्याती आहे, पण हा मी घासाघीस न करता घेतला. का घेतला ते सांगते, मग तुमचं तुम्ही ठरवा.

माझे वडील जनावरांचे डॉक्टर. उन्हाळाभर मेंढपाळांबरोबर वरच्या कुरणांवर असायचे आणि गळ्यात कॅमेरा. रंगीत स्लाइड काढायचे. लहानपणी हिवाळ्यात भिंतीवर चादर लावून आम्ही त्या बघायचो. ते गेल्यावर स्लाइड चहाच्या पत्र्याच्या डब्यात गेल्या आणि डबा माळ्यावर.

दोन हिवाळ्यांपूर्वी अपाची नजर झपाट्यानं कमी व्हायला लागली. एक दिवस ती म्हणाली, "बुरुल, तो डबा काढ. मला सागिनची शिळा करून घ्यायची आहे."

मी पीठ मळत होते, हात तसाच राहिला. सागिन हा अपाचा धाकटा भाऊ, माझा मामा. माझ्या जन्माआधीच्या वसंतात चुकलेली घोडी शोधायला खिंडीपलीकडे गेला तो परत आलाच नाही. घोडी आली, तो नाही. आमच्याकडे गुरुवारी तेल तापवून बोरसोक तळतात, पिठाचे ते लहान फुगीर तुकडे. तळणाचा वास आपल्या गेलेल्या माणसांपर्यंत पोचतो, त्यांची पोटं भरतात. सात बोरसोक ताटात काढायचे आणि एकेकाचं नाव घ्यायचं. अपानं आजवर सगळ्यांची नावं घेतली, दूरच्या चुलत्याचंही, पण सागिनचं कधी नाही. मावश्यांनी समजावलं, भांडल्या, एकीनं तर बोलणं टाकलं. अपाचं एकच, "तो मेलेला नाही."

आणि आता ती शिळा करायची म्हणत होती. थडग्याच्या शिळेवर माणसाचा चेहरा कोरायचा, तर कोरणाऱ्याला मोठं, स्वच्छ चित्र लागतं.

"त्याचा फोटो आहे कुठे?" मी विचारलं.

"आहे ना. तुझा दोरा कापला त्या दिवसाचा."

मूल पहिली पावलं टाकायला लागलं की आम्ही त्याच्या पायांत काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पिळलेला दोरा बांधतो. माणसं लांबून पळत येतात, आणि जो पहिला पोचतो तो सुरीनं दोरा कापतो. मग मूल मोकळं चालायला लागतं, आणि कापणाऱ्याची चाल त्याला लागते असं म्हणतात. त्या दिवसाची स्लाइड मी शंभरदा पाहिली होती. युर्तसमोर, म्हणजे आमच्या लोकरी गोल तंबूसमोर, हिरवं कुरण, अपानं मला काखेत धरून उभं केलेलं, आणि पुढ्यात गुडघ्यावर बसलेला एक हसरा तरुण, हातात सुरी, गवतावर दोऱ्याचे तुकडे. तो मला कोणी शेजारी वाटायचा. सागिनमामा तर मी जन्मायच्या आधीच गेलेला! डोळे गेलेत बिचारीचे, मी मनात म्हटलं, कोणाच्याही चेहऱ्यात भाऊ दिसतो. दिसू दे. तिला शिळेवर एक चेहरा हवा होता आणि तिची नजर पुरती जायच्या आत तो तिच्या बोटांखाली यायला हवा होता. मला बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं.

म्हणून डबा घेऊन मी वालेन्तीन पेत्रोविचकडे गेले. खेगाय त्यांचं आडनाव, मूळचे कोरियन. पूर्वी गावच्या फोटो स्टुडिओत होते, आता त्याच इमारतीच्या तळघरात जुने कॅमेरे विकतात. दुपारच होती, पण बर्फ पडत होतं आणि कोळशाच्या धुरानं रस्ता मळका झालेला. तळघरात फिल्म धुण्याच्या औषधांचा तो जुना आंबूस वास अजून होता. खिडकीतून फक्त जाणाऱ्यायेणाऱ्यांचे बूट दिसत होते.

"पशुवैद्याची पोर!" ते म्हणाले. "ये. आज कुणाला लुटायला निघालीस?"

"तुम्हालाच. स्लाइडसाठी स्कॅनर हवाय. चांगला आणि स्वस्त."

"चांगला नवरा आणि गरीब सासू मागशील, तर तेही इथे मिळत नाही." त्यांनी टेबलावर तीन यंत्रं मांडली. "ही डबी. आत एक साधा कॅमेरा आहे, स्लाइडचा फोटो काढतो आणि मोकळा होतो. पटकन होतं, पण बारीक तपशील विसर. हा चपटा, झाकणात दिवा. कागदाचे फोटोही करतो, पण जागा खातो. आणि ही आमची महाराणी. जुनी आहे, सावकाश चालते, पण केस न् केस दाखवते. वर धूळ पुसते."

"धूळ मी घरी फडक्यानं पुसते."

"फडक्यानं ओरखडे जातात का? हिच्यात डोळ्यांना न दिसणारा एक दिवा आहे. चित्राचे रंग त्या उजेडाला अडवत नाहीत, तो आरपार जातो. पण फिल्मवर नंतर येऊन जे बसलं, धूळ, ओरखडा, बुरशी, तिथे तो अडतो. मग यंत्राला कळतं, हे मूळचं नाही. तेवढं काढून टाकतं आणि आजूबाजूचं बघून जागा भरतं."

मी महाराणीवर भाळले. स्लाइड पुढे केली. त्यांनी ती खिडकीकडे धरली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जरा कमी झालं.

"ही मीच धुतली होती," ते पुटपुटले, आणि स्लाइड यंत्रात सरकवली.

यंत्र गुरगुरलं. संगणकाच्या पडद्यावर वरून खाली चित्र उतरायला लागलं. आधी आभाळ, मग डोंगर, मग युर्तचं पांढरं छत. इतकं स्वच्छ की मला भरून आलं. अपाच्या रुमालावरची फुलं दिसली, तिचा तरुण चेहरा दिसला, मी दिसले, गाल फुगवलेली. आणि माझ्यापुढे...

माझ्यापुढे कोणी नव्हतं. गवत होतं. दोन गुडघ्यांएवढ्या जागी ते दबलेलं होतं.

"माणूस कुठे गेला?" मी विचारलं.

वालेन्तीन पेत्रोविचनी धूळ पुसायची सोय बंद केली आणि पुन्हा चालवलं. आभाळ, डोंगर, छत, ठिपके, ओरखडे... आणि तो. सुरी हातात, हसत, सरळ आमच्याकडे बघत.

"अंगरखा काळा आहे ना, त्याला यंत्र फसलं असेल," मी म्हटलं. माझा आवाज मलाच पटला नाही. त्याचा चेहरा काही काळा नव्हता.

त्यांनी सोय पुन्हा चालू केली. पुन्हा नुसतं गवत. मग डब्यातल्या आणखी स्लाइड घातल्या. वडील तसेच राहिले. आजी राहिली, तिचं काळं जाकीट राहिलं. वारलेलेही राहिले, जिवंतही राहिले. जात होता तो एकच.

"हा सागिन," ते हळूच म्हणाले. "आम्ही एका वर्गात होतो. तो गेला... आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तुझ्या बापानं ही फिल्म माझ्याकडे आणली. धुऊन झाल्यावर मी ती दिव्यासमोर धरली होती, पोरी. तेव्हा यात तू होतीस, तुझी आई होती. सागिन नव्हता."

वर खिडकीत कोणाचे तरी बूट थांबले आणि पुढे गेले. मी काही म्हणणार, तेवढ्यात त्यांनी माणूस पुसलेलं ते चित्र पुन्हा पडद्यावर आणलं, वाकून माझ्या... त्या बाळाच्या पायांपाशी काहीतरी निरखलं, आणि एकदम यंत्राची पिनच ओढली. पडदा काळा झाला.

"काय दिसलं?"

"ती डबी ने. हिच्यात तो दिवा नाही, ही काही पुसत नाही. जे आहे ते आहे तसं ठेव."

"महाराणी विकायची नाही का तुम्हाला?"

"तुला नाही." त्यांनी डबी माझ्या पिशवीत घातली. दुकानदारच स्वस्त माल गळ्यात मारतो आहे म्हटल्यावर एरवी मी संशयानं दुकान डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी गपचूप बाहेर पडले.

घरी येऊन मी अपाला सरळ विचारलं. ती चुलीशी बसली होती. जराही दचकली नाही.

"तू पोटात होतीस तेव्हाच म्हणाला होता, तुझ्या बाळाचा दोरा मीच कापणार. वाऱ्यासारखा पळायचा ग तो! त्या दिवशी पळणारे अजून लांब होते, आणि तुझ्या पायांतला दोरा आपोआप गळून पडला. लोक म्हणाले गाठ सैल होती. गाठ मी मारली होती, बुरुल. पुढे चादरीवर ही स्लाइड लागली, तर हा समोर बसलेला. तुझे वडील पांढरेफटक झाले, मी मात्र पोटभर रडले. माझ्या लेकीचा दोरा कापायला जो येतो, त्याला मेलेला कसा म्हणू?"

"मग आता?"

"आता मी म्हातारी झाले. मी गेल्यावर त्याच्या नावानं तेल कोण तापवणार? उपाशी दाराबाहेर उभा राहील माझा भाऊ."

माझं तिच्यावर फार प्रेम आहे. मी त्याच डबीत स्लाइड घातली. चित्र जरा धुरकट आलं, पण तो त्यात होता, आणि शिळेपुरतं ते पुरलं. शिळा उभी राहिली तेव्हा अपानं बर्फात हातमोजे काढून बोटांनी त्याचं नाक, हनुवटी चाचपली आणि म्हणाली, "हाच."

त्या गुरुवारी तिनं स्वतः तेल तापवलं. सगळ्यांची नावं झाली आणि शेवटी ती म्हणाली, "सागिन, बाळा, पोटभर घे आणि जा." तळणाचा वास घरभर झाला. दार बंद होतं, तरी तो वास कोणीतरी ओढून घ्यावा तसा एकदम नाहीसा झाला. अपा त्या रात्री मुलीसारखी गाढ झोपली. तेव्हापासून ती सुखात आहे, आणि म्हणूनच पुढचं मी तिला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या सकाळी मी चुलीकडे निघाले आणि उंबऱ्यात अडखळले. एक पाऊल टाकलं की दुसरं त्याच्यामागे ओढलं जात होतं. घोट्यापाशी काहीतरी ताणलं जायचं. डॉक्टर झाले, मालीश झालं, सगळे म्हणाले वय झालं. शेवटी मी डबा काढून स्लाइड खिडकीशी धरली.

तो गेला होता. फिल्मवरूनच गेला होता. अपा होती, मी होते, दबलेलं गवत होतं. डबीत घालून मोठं करून पाहिलं, तेव्हा वालेन्तीन पेत्रोविचना काय दिसलं होतं ते मला कळलं. गवतावर तुकडे नव्हते. बाळाच्या घोट्यांना काळा-पांढरा दोरा होता, घट्ट, अखंड.

मी भाचीकडून माझ्या पायांत खरा दोरा बांधून घेतला, तिला अंगणातून पळायला लावलं, कापून घेतला. शेजारणी हसून हसून पडल्या. स्लाइडमधल्या दोऱ्यावर तेव्हापासून एक गाठ जास्त दिसते, एवढंच.

तर माझा सल्ला हा, की स्वस्तातलाच घ्या. तपशील थोडा कमी दाखवतो, पण ते बरं असतं. मी ती स्लाइड अजून अधूनमधून डबीत घालते. कुरणाच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी, पूर्वी काही नव्हतं तिथे एक ठिपका दिसायला लागला आहे. आधी मला वाटलं धूळच असेल. फडक्यानं पुसून पाहिला, पुसला नाही. पुढच्या खेपेला त्याला पाय होते. आता तो युर्तच्या दोरांपर्यंत आला आहे. पळतो आहे. पहिला येणार तो दोरा कापणार, आणि त्याची चाल मला लागणार... तो जिथून आला तिथे जाणारी.

त्याचा चेहरा या डबीत धुरकट येतो. महाराणीत स्पष्ट दिसेल, ती अजून तळघरात पडून आहे. वालेन्तीन पेत्रोविच ती मला फुकट द्यायला तयार आहेत आता. मीच नको म्हटलं.

थांबा, उठू नका. अपा आतून हाक मारते आहे ना? मघापासून तिसऱ्यांदा हेच विचारते आहे, की अंगणात कोण पळतंय.