गोठ्याच्या पायरीतली कमान

हर्षाचा मित्र नीलेश तिच्या घरच्या गोठ्याच्या पायरीवर पालथा पडून दगडाची कड न्याहाळत होता. हर्षाला वाटलं, याला ऊन लागलं.

"हा दगड पाचरीसारखा आहे," तो म्हणाला. "एका बाजूनं रुंद, दुसऱ्या बाजूनं निमुळता. पायरीले असा कोण घडवते?"

हर्षाची मावसबहीण खुशबू वाकून पाहू लागली. पाचही पायऱ्या तशाच होत्या. तिघांनाही एकदम आठवलं, आदल्याच दिवशी धर्मेंद्रमामाने त्यांना एका कमानीची गोष्ट सांगितली होती.

मामा भंडाऱ्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचा. तिथलं जुनं क्रीडाभवन पाडून नवं उभं राहिलं होतं आणि मामा जुन्याची हकिकत लिहीत होता. आधी नुसता कुस्तीचा आखाडा आणि वर कौलं. मग लाकडी फरशीचं दालन, मग बघ्यांसाठी सज्जा, आणि शेवटी दारावर पाचरीसारख्या पाच दगडांची कमान. जुने विद्यार्थी सांगत की दगड आपणच वाहिले, भिंती आपणच रचल्या, कमानीवर तसं कोरलंही होतं. कॉलेज म्हणे, सगळं एका देणगीदाराने बांधून दिलं. नव्या इमारतीवर त्याच्याच नावाची पाटी लागणार होती. फोटोत कमान होती, अक्षरं मात्र पुसट. आणि दगड पाडताना फुटले, असं ठेकेदाराने सांगितलं होतं.

ठेकेदार म्हणजे हर्षाचे बाबा, विनोदभाऊ.

"नदीतले असतील," हर्षा घाईने म्हणाली. तिचे कान तापले होते. त्यांच्या गावाजवळून, कारध्याजवळून, नदी वाहत होती, पण नदीत असे घडवलेले दगड मिळत नाहीत, हे तिलाही कळत होतं.

दुपारी जेवताना बाबांनी तिच्या ताटात आंब्याची मोठी फोड वाढली. तिने ती तशीच ठेवली. ती उठली आणि दोघांना म्हणाली, "खालून पाहू. पण मामाले आत्ताच सांगायचं नाही."

दगड तिघांना हलेना. मग खुशबूने युक्ती काढली. हर्षा बाबांकडे धावत गेली आणि पायरीखाली साप शिरल्याचं सांगितलं. बाबा सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आले, पोरांना मागे सारलं आणि वरची पायरी उलथली.

मातीने भरलेलं एक अक्षर वर आलं. 'ध'.

बाबांनी सब्बल भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "साप नव्हता नं?"

हर्षाने नाही म्हणून मान हलवली. तिला त्यांच्याकडे पाहवेना.

"दगड चांगले होते. मनलं, गोठ्याले कामी येतील," बाबा हळूच म्हणाले. "धर्मेंद्रनं इचारलं, तवा फुटले मनून बसलो. मंग खरं सांगाची लाज वाटली."

उरलेल्या पायऱ्या त्यांनीच उलथल्या. अंगणात नीलेश आणि खुशबूने दगड निमुळत्या बाजूंनी जुळवले. जमिनीवर कमान झाली आणि तिच्यावर शब्द उमटले: आम्ही बांधले.

संध्याकाळी बाबांनीच मामाला बोलावून घेतलं.

नव्या भवनाच्या उद्घाटनाला प्राचार्यांनी तिघांना पुढे बोलावलं. देणगीदाराची पाटी आता लागणार नाही, कमान दारावर बसेल, असं सांगून त्यांनी मुलांची तोंडभरून स्तुती केली. ठेकेदाराच्या नजरचुकीने दगड दुसरीकडे गेले होते, असंही म्हणाले. टाळ्या वाजल्या. हर्षा जमिनीकडे पाहत राहिली. एकेक टाळी तिला टोचत होती.

शेवटच्या रांगेतून बाबा उठले.

"नजरचूक नाही, सर. अक्षरं खाली करून दगड मीच गोठ्याले बसवले होते. पोरीनं ते काढाले लावले."

पुढच्या रांगेतले एक म्हातारे माजी विद्यार्थी काठी टेकत उठले. "शाबास, बेटा," ते हर्षाला म्हणाले. मग मागे वळून बाबांना म्हणाले, "तुम्हीपण."

हर्षा सगळ्यांच्या देखत खुर्च्यांमधून चालत शेवटच्या रांगेपर्यंत गेली आणि तिने बाबांचा हात धरला. त्यांच्या हातालाही घाम फुटला होता.