पाळीवरची घरगाडी

सात वाजायच्या आत मंदाबाईंच्या मोबाइलवर धनेंद्रचा तिसरा फोन आला.

"काकू, निघाल्या का? लोकं रॉकेल घेऊन आले. गाडी जाळून टाकतो म्हणतात."

"गाडीत कोन हाय?"

"नागपूरचे नवरा-बायको. आतून कडी लावून बसले हायेत."

"कोनाले हात लावू देऊ नोको. आली मी."

मंदाबाई कवडीटोल्याच्या पोलीस पाटील. वय पंचावन्न, गुडघे कुरकुरणारे, पण चाल झपाझप. चालता चालताच त्यांनी ठाण्यात फोन लावला. साहेब म्हणाले, आज बंदोबस्तात अडकलोय, बारापर्यंत पोहोचतो, तोवर लोकांना आवरा.

तोवर म्हणजे पाच तास. एकटीनं.

तलाव दिसायच्या आधी वास आला. माणसाच्या विष्ठेचा. मंदाबाईंनी पदर नाकाला लावला आणि पाळीवर, तलावाच्या मातीच्या बांधावर, चढल्या.

पाण्यावर मासे पोटं वर करून पडले होते. वीतभर लांबीचे, शेकड्यांनी. काठाला पांढरा फेस जमला होता. पाळीच्या कडेला ती गाडी उभी होती, मागची चाकं पाण्यापासून जेमतेम चार हातांवर. गाडीच्या पोटातून एक नळी बाहेर आली होती. नळीखाली घाणीचा ढीग, ढिगातून पाण्यापर्यंत गेलेला ओघळ, आणि त्यावर माश्या.

धनेंद्रनं दोन वर्षांपूर्वी तलावालगतच्या आपल्या बांधीत, धानाच्या शेतात, तंबू टाकले होते. इटियाडोह धरण पाहायला येणारे लोक तिथं मुक्कामाला राहत. पण अशी गाडी पहिल्यांदाच आली होती. आत पलंग, शेगडी आणि संडाससुद्धा. फोनवर जागा ठरली त्या दिवशीच धनेंद्रनं चहाच्या टपरीवर हे सांगितलं होतं आणि दोन दिवस गावाला दुसरा विषय नव्हता.

"जिथं पोळी भाजतेत, तिथंच हागतेत," सुकराम आता मोठ्यानं म्हणत होता. त्याच्या हातात रॉकेलची कॅन होती. "आमाले शिकवतेत, उघड्यावर बसू नोका. अन् स्वतःची घाण आमच्या तलावात."

"कॅन खाली ठेव सुकराम."

"काऊन ठेवू? बावीस घरांचा मासा गेला, मंदाबाई. सोमवारी जाळं पडनार होतं."

"दहा वाजेपर्यंत ठेव. दहा वाजता मी तुले कोनी केलं थे सांगीन. नाही सांगितलं तर मी बाजूले होईन."

लोक कुजबुजले. सुकरामनं कॅन ठेवली, पण पायाजवळच. तंबूंचा धंदा त्यालाही करायचा होता, धनेंद्रची बांधी त्याच्या वावराला लागून होती. मंदाबाईंनी ते मनात टिपून ठेवलं.

तलावाची राखण ईश्वरदासकडे होती. दिवसा अर्जुनीच्या धानगिरणीत भट्टीवर, रात्री तलावावर. हा माणूस झोपतो कधी, याचा गावाला पत्ता नव्हता. तो शेकोटीच्या विझल्या निखाऱ्यांजवळ उकिडवा बसला होता.

"रातभर इथंच होता ना गा?"

"इथंच. त्या टोकाले."

"घाण सोडताना पाहिलं?"

"आवाज आला. बदबद बदबद. मले वाटलं, भांडी धुऊन राहिले."

"मंग उठून काऊन नाही आला?"

"पुसाची थंडी हाय बाई. शेकोटी सोडून कोन उठते?"

"अन् मासे?"

"उजेड पडला तवा दिसले. मीच बोंब मारली."

गावच्या मासेमार संस्थेचे अध्यक्ष दुधराम सत्तरीचे. सारा गलका चालू असताना ते गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांनी मंदाबाईंना जवळ बोलावलं आणि ओंजळ पुढं केली. ओंजळीत चार-पाच झिंगे उड्या मारत होते.

"हे पाहा. जित्ते हायेत. खेकडेही जित्ते हायेत."

"मंग?"

"घाणीनं, साबनानं पानी नासलं का पहिलं झिंगं मरते. इथं मासा मेला अन् झिंगं नाचून राहिलं." दुधरामांनी ओंजळ पाण्यात सोडली. "अन् अजून एक. मोठा मासा कुठं हाय? तीन-तीन किलोचे कतले होते माह्या तलावात. एक तरी तरंगताना दाखव मले."

मंदाबाईंनी पाण्यावरून नजर फिरवली. वीतभराहून मोठा एकही नव्हता. त्यांनी बोटावर फेस घेतला आणि हुंगला. साबणाचा वास नव्हता. कडवट, तेलकट काहीतरी होतं. ओळखीचं.

मग त्या गाडीकडे गेल्या आणि काचेवर टकटक केली. "मी पोलीस पाटील. दार उघडा."

तिशीतला माणूस उतरला. हिमांशू. मागून त्याची बायको हर्षा, डोळे रडून सुजलेले.

"तुमच्या संडासची घाण कुठं जाते?"

"दाखवतो." हिमांशूनं गाडीच्या बाजूची झडप किल्लीनं उघडली आणि प्लास्टिकची एक बंद पेटी ओढून काढली. तिच्यात थोडं निळं पाणी हललं. "सगळं यात जमा होतं. ही पेटी हातानं उचलून संडासात नेऊन ओतावी लागते. आत औषध टाकतो, त्यानं सगळं निळं होतं."

"अन् ही नळी?"

"ती बेसिनची. हात धुतलेलं पाणी."

मंदाबाईंनी वाकून नळी पाहिली. अंगठ्याएवढी जाड. आतून स्वच्छ.

"राती काही ऐकलं?"

हर्षा म्हणाली, "मागच्या बाजूला कोणी चालल्यासारखं वाटलं. मग एवढा वास आला की मी खिडकी बंद केली. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"खेड्यात येतच असेल असा वास."

मंदाबाई हसल्या नाहीत. "गाडी इतकी काठाला कोनी लावाले सांगितली?"

"आम्ही आलो तेव्हा आठ वाजले होते, काळोख गुडुप. मागचं काही दिसत नव्हतं. धनेंद्रजी बॅटरी दाखवत होते, मी तसा मागे घेत गेलो. पाणी इतकं जवळ आहे हे सकाळीच कळलं."

आता सगळे धनेंद्रकडे बघायला लागले. तलावात नाव चालवायची परवानगी त्यानं गेल्या वर्षी मागितली होती, आणि मासेमारांनी ती हाणून पाडली होती. हेही सर्वांना ठाऊक होतं.

"तुह्या गाड्या त्या मुरमाच्या जागेवर लागतेत ना? मंग काल पाळीवर काऊन?"

"काकू, मी तिकडंच नेऊन राहिलो होतो. पाळीवरून कोनीतरी ओरडलं, तिकडं नहराचं पानी शिरलं, गाडी फसन, इकडं लाव. मी म्हटलं, भलं केलं."

"आवाज कोनाचा?"

"गाडीचं इंजिन घुरघुरत होतं. नाही ओळखू आला. खोटं काहाले बोलू?"

मंदाबाई मुरमाच्या जागेवर गेल्या आणि टाच आपटली. धूळ उडाली. तिथं महिनाभरात पाणी आलेलं नव्हतं.

राहिलं शेवटचं काम. ते करायला कोणी पुढं येणार नव्हतं. मंदाबाईंनी बांबूची काडी घेतली, श्वास रोखला आणि तो ढीग उकरला. बाया तोंड फिरवून थुंकल्या. सुकराम म्हणाला, "आता याचाही पंचनामा?"

"याचाच."

घाणीत काळी राख होती. वरून पडलेली नव्हे, थराथरानं मिसळलेली. चुलीची राख पांढुरकी आणि भुरभुरीत असते. ही कोळशासारखी काळी होती, आणि तिच्यात धानाच्या कोंड्याचे अख्खे जळके कण होते.

मंदाबाईंनी काडी फेकली. हात मातीनं घासून धुतले. मग गावात एक चक्कर मारून आल्या. येईपर्यंत साडेनऊ झाले होते.

"बसा सारे," त्या म्हणाल्या. "उभं राहून ऐकाची गोष्ट नाही."

लोक पाळीवर बसले.

"पहिलं मासे. मासे घाणीनं नाही मेले. दुधरामकाकाले झिंगे जित्ते दिसले. मासा मरते, झिंगं वाचते, अन् पान्याले फेस येते, असं कायनं होते?"

एक म्हातारी म्हणाली, "मोहाच्या ढेपीनं."

"मोहाच्या ढेपीनं. तेल काढून उरलेली ढेप भिजवून पान्यात कालवली का मासा गुंगून वर येते. साऱ्यायले माहीत हाय. फेस हुंगून पाहा. आता वर आलेले मोठे मासे कोनी उचलले? ज्यानं ढेप टाकली त्यानं. लहान सोडून देल्ले, कारण उचलत बसाले वेळ नव्हता. पन सोमवारी जाळं पडलं असतं अन् मोठा मासा नाही निघाला, तर पहिला प्रश्न राखनदाराले पडला असता. म्हनून दोष द्याले कोनी पाहिजे होतं."

ईश्वरदास निखाऱ्यात काडी फिरवत होता. फिरवायचा थांबला.

"गाडी येनार हे साऱ्यायले माहीत. तिच्यात संडास हाय हेही माहीत. गाडी अंधारात आली. पाळीवरून ओरडून तिले काठाले लावलं. राती पाळीवर कोन असते?"

"मी ओरडलो असन," ईश्वरदास म्हणाला. "मले तसं वाटलं होतं. चिखल वाटला."

"असू दे. पन ज्यानं ही घाण नळीखाली आनून ओतली, त्यानं असली गाडी कधी पाहिली नव्हती. त्याले वाटलं, नळी दिसते म्हनजे संडासची. थे बेसिनची निंघाली. संडासची पेटी किल्लीत बंद हाय अन् तिच्यात निळं पानी हाय. ह्या ढिगात निळं काही नाही."

"मंग ही घाण आली कुठून?" सुकरामनं विचारलं. आवाज आता खाली आला होता.

"हागणदारीमुक्तीवाले आले होते तवा शिट्टी घेऊन पहाटे मी तुमच्याच मागं फिरली, सुकराम. घरोघरचे संडास पाहिले. ब्याण्णव बांधले. तुह्या संडासात गोवऱ्या हायेत. ह्याच्या संडासात शेळ्या. वापरातले सहा. त्यातले पाच पान्याचे, टाकीवाले. राख टाकाचा एकच."

माना ईश्वरदासकडे वळल्या.

"थे संडास पाहाले आलेल्या साहेबायनं नारळ देऊन ईश्वरदासचा सत्कार केला होता. राखेचा डबा ठेवते म्हनून. अन् त्याच्या डब्यात चुलीची राख नाही राहत. गिरणीच्या भट्टीतली राहते, काळी, कोंड्याची. पोत्यानं आनते. आताच पाहून आली."

ईश्वरदास उठून उभा राहिला. "राख सापडली म्हनून मी चोर? मासे कुठं हायेत मंग? माह्या घरी शोधा. एक खवलं निंघालं तर बोला."

"घरात नाहीच निंघनार," मंदाबाई म्हणाल्या. "गावाबाहेर न्याची एकच वाट हाय, थे धनेंद्रच्या तंबूंच्या फाटकावरून जाते, अन् तो गाडी आल्यापासून फाटकातच झोपला होता. म्हनजे मासे गावातच हायेत. तुह्या संडासले दोन खड्डे हायेत, ईश्वरदास. एक चालू, एक रिकामा. घाण काढाले एकच झाकन उघडावं लागते. दोन्ही झाकनांवरची माती ताजी काऊन हाय?"

ईश्वरदासनं हातातली काडी निखाऱ्यात टाकली.

सारं गाव त्याच्या घरामागे गेलं. दोघांनी दुसऱ्या खड्ड्याचं सिमेंटचं झाकण सरकवलं. आत ओली पोती होती, आणि पोत्यांत कतले. तीन-तीन किलोचे, तोंडं उघडी. दोन्ही खड्ड्यांच्या मधली भिंत जाळीची, विटांमध्ये फटी सोडलेल्या. पलीकडचं अलीकडे झिरपलं होतं. पोती खालून काळपट झाली होती.

सुकराम बाजूला जाऊन ओकला.

"हे तू विकनार होता?" दुधरामांनी विचारलं. "लोकाच्या तोंडात घालनार होता?"

"धुऊन देल्ले असते," ईश्वरदास म्हणाला. "कोहमाऱ्याचा ढाबेवाला संध्याकाळी गाडी आननार होता. रात-रात मी जागायचं अन् वाट्याले चार मासे. तुमी झोपता अन् तुमालेही चारच."

"तुले पाच मागता नाही आले?" दुधराम म्हणाले. "काढ बाहेर. हातानं. खोल खड्डा खोद अन् चुना टाकून पूर. साहेब येईस्तोवर झालं पाहिजे. फोटो मंदाबाई काढतीन."

ईश्वरदासनं एकेक मासा काढला. बघायला फार वेळ कोणी थांबलं नाही.

मंदाबाई पाळीवर परतल्या तेव्हा माणसं गाडी ढकलून मुरमाच्या जागेवर नेत होती. सकाळी गाडीभोवती होते तेच दहा-पंधरा जण. "हळू गा, काच सांभाळा," सुकराम ओरडत होता. एका बाईनं हर्षाला चहा आणून दिला होता. हर्षानं कप हातात धरला होता, तोंडाला लावला नव्हता.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "ते नुसतं घाबरवत होते ना? खरंच पेटवली नसती?"

मंदाबाईंनी गाडीला लागलेले ते हात पाहिले.

"पेटवली असती," त्या म्हणाल्या. "चहा पिऊन घ्या, अन् साहेबायले जबाब देऊन उजेडातच निंघा."