पोलादी कड

माझा गाळा बाजाराच्या तळघरात आहे. तिन्ही बाजूंना काच, पाठीला भिंत, आणि आत शिरायचं तर काउंटरखालून वाकून. बिश्केकमध्ये फोन दुरुस्त करणारे पैशाला पासरी. पण धातूवरचा ओरखडा असा काढणारा, की मालकालाही जागा सापडू नये, तो मी एकटा. हे मीच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही. शेजारी फोनची कव्हरं विकणारी बुरुलचा तर म्हणते, "मेदेर, लोकांनी वेळेवर माझ्याकडून कव्हर घेतलं असतं, तर तू उपाशी मेला असतास."

तोकोन आला तो सकाळीच. कोळशाच्या गावाकडचा दांडगा माणूस. मागे त्याची भावजय पेरिझात. विधवेचा काळा रुमाल तिने डोक्याला बांधला नव्हता, मुठीत चुरगाळून धरला होता.

"धाकट्या भावाचा फोन आहे, उस्ता," तोकोन म्हणाला. "एर्किनचा. खाण बसली, तो आत राहिला. फोन खाली नेत नाहीत, म्हणून हा जाकिटात बाहेर राहिला. शुक्रवारी दुआ आहे, तेव्हा त्याच्या वस्तू वाटायच्या. हा माझ्या पोराला जाणार. जरा नव्यासारखा करून द्या."

गेलेल्याची वस्तू कुणाला द्यायची तर ती स्वच्छ हवी, एवढं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. "आणि तो स्वतः? सापडला?" मी विचारलं.

"कुठला! दोनदा खणलं, दोनदा माती खाली आली. दुआ झाली की यंत्र लावून तोंड बुजवणार. आणखी कुणी जायला नको."

"ते गेले हे पाहिलंय कुणी?" पेरिझात म्हणाली.

"झालं हिचं सुरू," तोकोन म्हणाला.

फोनच्या पोलादी कडेवर चार उभे ओरखडे होते, एकमेकांना लागून. खिशातल्या किल्ल्यांचे असतील. माझी पद्धत ठरलेली आहे. बटणं आणि भोकं चिकटपट्टीने झाकायची, मग सगळ्या कडेला काळा मार्कर फासायचा. घासायला लागलं की वरची शाई जाते आणि ओरखड्यातली तेवढी राहते, म्हणजे किती खोल जायचं ते कळतं. मार्कर स्वस्तातला, स्पिरिट लावलं की जांभळा उतरतो. पाण्याचा पॉलिशपेपर आधी लांबीच्या दिशेने, मग आडवा, मग बारीक, शेवटी लोकरी नमद्याच्या चाकावर पॉलिश. दुपारी तोकोनने त्या कडेत स्वतःच्या मिशा पाहिल्या आणि खूश होऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दोघं परत हजर.

"हे काय काम झालं, उस्ता? त्याच जागी, तसेच!"

माझ्या कामाला नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं. मी फोन हिसकावूनच घेतला. चार ओरखडे, त्याच जागी.

"हीच सुईने काढते," तोकोन म्हणाला. "म्हणजे वस्तू वाटायला नकोत, दुआ नको, रुमाल बांधायला नको."

"भाऊजी, फोन तुमच्या उशाखाली होता ना? मी काय उशीतून हात घातला?"

मी भिंग लावलं. सुईने रेघ ओढली तर धातू कापला जातो, बोट आत उतरतं. इथे बोट वर चढत होतं. वहीच्या एका बाजूला दाबून लिहिलं की मागच्या बाजूला जसं उमटतं, तसं. पण त्या कडेच्या मागे हात जाईल अशी जागाच नसते. मी फोन उघडून आतून पाहिलं. आतली बाजू स्वच्छ होती.

तोकोनला यातलं काही सांगितलं नाही. पुन्हा घासून कड सपाट केली आणि म्हणालो, "आज हा इथेच राहू दे." खणाला कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली.

शुक्रवारी ते आले ते कागदात गरम बोरसोक, कणकेचे तळलेले तुकडे, घेऊन. घरी पहाटेच कढई चढली होती. गेलेल्याच्या नावाने आमच्याकडे हे तळतात. तळणीचा वास त्याच्यापर्यंत पोचतो म्हणतात. बुरुलचाने दोन घेतले, दुआ पुटपुटून ओंजळ तोंडावरून फिरवली. मीही एक तोंडात टाकून कुलूप काढलं.

कड आरशासारखी.

"बघ!" तोकोन म्हणाला. "कुलपात ठेवला तर काही होत नाही."

पेरिझातने मुठीतला रुमाल उलगडला आणि सुरकुत्या काढू लागली. मला तिच्याकडे बघवेना.

शेवटचा हात म्हणून मी पुन्हा मार्कर फासला, दिवा जवळ ओढला आणि घासायला लागलो. तळणीचा वास सगळ्या गाळ्यात भरला होता.

अंगठ्याखाली काहीतरी हललं.

मी घासायचं थांबलो. शाईतून एक चकचकीत रेघ वर येत होती. हळूहळू, थांबत थांबत. तिच्या शेजारी दुसरी.

मी अंगठा दाबून धरला. खालूनही तितकाच जोर आला.

श्वास पुरेना. मी उठायला गेलो, काउंटरची फळी डोक्यात बसली. तिन्ही बाजूंना काच, पाठीला भिंत.

"तोकोन," मी म्हणालो, "बोट दे. इथे ठेव."

त्याने ठेवलं. त्याचा चेहरा पिठासारखा झाला. तो जिन्याकडे धावला, आणि वरून त्याचं फोनवर ओरडणं ऐकू आलं, "बुजवू नका! खणा! अरे, खणा म्हणतो ना!"

एर्किन जिवंत निघाला.

इथे संपलं असतं तर ही गोष्ट मी लग्नांतून सांगत फिरलो असतो. पण वसंतात तो स्वतः आला. वाळलेला, हसरा. पेरिझातने फुलाफुलांचा रुमाल बांधला होता.

"फोन बोट ओळखत नाही, उस्ता," तो म्हणाला. "बाकी झकास."

"आत कसा जगलास रे?"

"पाणी ठिबकत होतं. आणि दगड खरवडत होतो. पण मध्येच हाताखालचा दगड गुळगुळीत व्हायचा, नखच लागायचं नाही." त्याने अंगठा बोटांवर घासून दाखवला. "मग तळणीचा वास आला. कळलं, घरच्यांनी मला मेला म्हणून धरलंय. तेव्हा मात्र होता नव्हता तेवढा जोर लावला."

मी त्याचा हात दिव्याखाली घेतला. बोटांवर एक रेघ नव्हती. झिजलेलं मला कळतं. हे झिजलेलं नव्हतं. आधी लांबीच्या दिशेने, मग आडवं, मग बारीक. अंगठ्याच्या पेरात तेवढी एक काळी रेघ उरली होती.

"कोळसा," तो हसून म्हणाला. "किती धुतलं तरी निघत नाही."

मी कापसाला स्पिरिट लावलं आणि त्या रेघेवरून फिरवलं. कापूस जांभळा झाला.