कासवाचा निकाल

बायको गेली त्या दिवशी मी संग्राहकांच्या प्रदर्शनात टेबलावर खेळाची जुनी चित्रांची कार्डं विकायला मांडत होतो. तिनेच मला दवाखान्यातून पिटाळलं होतं. टेबलाचं भाडं भरलंय, इथे माझं तोंड बघत बसून काय करणार, म्हणाली. मेव्हण्याचा फोन आला तेव्हा समोर गिऱ्हाईक होतं. "भाऊजी... ताई..." एवढंच तो बोलला. मी गिऱ्हाइकाचं कार्ड नीट प्लास्टिकच्या पाकिटात घालून दिलं, आणि टेबल तसंच सोडून निघालो.

अशाच एका प्रदर्शनात ती मला भेटली होती. कार्डांशी तिचा संबंध नव्हता. फोटोंना चौकटी करायच्या दुकानात ती कामाला होती आणि पावसात भिजायला नको म्हणून आत शिरली होती. माझ्या टेबलावरचं पंखवाल्या कासवाचं कार्ड तिने उचललं. केसांचं पाणी पडू नये म्हणून हात लांब धरला. तो हात मला आवडला.

ती विकत घेईल म्हणून मी सांगितलं, की अशी कार्डं तपासायला पाठवतात. तिथले लोक दहापैकी गुण देतात, डबीत सीलबंद करतात, आणि त्यावर किंमत ठरते.

"याला दहा मिळणार," मी म्हणालो.

"आठ. चित्र डावीकडे सरकलंय."

"चित्र सरळ आहे. तुमची मान वाकडी आहे."

ती हसली नाही. पण पुढच्या प्रदर्शनाला पाऊस नसतानाही आली. पाठवलंत का, विचारलं. मी काहीतरी सबब सांगितली. त्याच्या पुढच्या वेळीही सांगितली. शेवटी ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. खरं काय ते सांगा, म्हणाली.

"निकाल लागला, की तुम्ही... कशाला याल?"

तिने कासव उचललं, उजेडात तिरकं धरून पाहिलं, जागेवर ठेवलं.

"मग नका पाठवू," ती म्हणाली.

लग्न झालं. कासव कधी पाठवलं नाही. बाकीची कार्डं पाठवायचो. पार्सल परत आलं, की उघडण्याआधी दोघांनी आपापला आकडा सांगायचा, एकच आकडा दोघांनी घ्यायचा नाही, आणि हरेल त्याने चहा करायचा, असा आमचा नियम होता. आमच्या घरात चहा बहुतेक मीच केला.

ती जाण्याच्या आदल्या संध्याकाळी दवाखान्यात मी तिची उशी सारखी करत होतो, तेव्हा ती म्हणाली, "कासव पाठवलंय मी. भावाला सांगून. तुला विचारलं असतं तर तू नकोच म्हणाला असतास."

मला राग आला. पण रागावणार कोणावर? म्हटलं, "आता तू आठ म्हणणार."

"नाही. दहा."

"दहा माझा आकडा आहे."

"आधी बोलेल त्याचा," ती म्हणाली आणि डोळे मिटून हसली. "तू दुसरा शोध."

पार्सल आलं आहे. ते चहाच्या डब्याशेजारी ठेवलं आहे. उघडलं का, असं मेव्हणा दोनदा विचारून गेला. नाही उघडलं. आधी दोघांचे आकडे व्हावे लागतात. तिने तिचा सांगितला. माझा सांगायचा राहिला आहे.