चेंबरच्या आतलं नाव

गिऱ्हाइकावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी पन्नास वर्षांत शिकलोय. 'इंजिन कधीच उघडलेलं नाही' असं छातीठोकपणे सांगणारी दहा माणसं मिशिगनमधल्या फ्लिंट गावी माझ्या इंजिन दुरुस्तीच्या दुकानात येतात, तेव्हा नऊ जणांच्या इंजिनात कुणीतरी आधीच हात घालून गेलेलं असतं. ऑर्विल टॅकेटही तेच म्हणाला. एकोणीसशे पन्नासची ब्यूक, इथल्याच कारखान्यात बनलेली, एका ओळीत आठ सिलिंडर. त्याच्या वडिलांनी नवी घेतली, एकाहत्तर साली लपीयर गावाजवळच्या कोठारात उभी केली, आणि त्यानंतर तिच्याकडे फक्त कोंबड्याच फिरकल्या.

मी टॉर्च घेऊन इंजिनाखाली शिरलो आणि मला माझे शब्द गिळावे लागले. कारखान्यात इंजिन जोडून झालं की वरून रंग मारतात. तो रंग बोल्टवर, जोडावर आणि चेंबरच्या कडेवर एकसंध सायीसारखा बसतो. चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाशी असलेली ऑइलची परात. ती एकदा जरी काढली, तरी ही साय फाटते. इथे ती कुठेच फाटलेली नव्हती. ती मीच धारदार पात्याने कापली. माझा जावई डॅरिल शेजारी उभा होता.

हे काम माझ्यासाठी साधं नव्हतं. वसंतात मी बांधलेलं एक इंजिन हायवेवर जाम झालं होतं. उघडलं तर तीन नंबरच्या कनेक्टिंग रॉडवर चारची टोपी आणि चारवर तीनची. रॉड आणि त्याची टोपी कारखान्यात जोडीने कातलेली असतात, त्यांची अदलाबदल म्हणजे बेअरिंगचं मरण. ही चूक नवशिक्या करतो. आठवड्याने माझ्या मुलीने, डेनीसने, मला स्वयंपाकघरात बसवून सांगितलं की अजून एक इंजिन बांध, तेही चुकलं तर दुकानाच्या किल्ल्या डॅरिलकडे. तिच्या डोक्यात काय होतं ते मला कळत होतं. माझ्या वडिलांना शेवटच्या वर्षी स्वतःचं नावसुद्धा धड सांगता येत नसे. चर्चच्या जेवणात ते पिएरोगीची, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्यांची, बशी धरून उभे राहत आणि ओळखीच्या माणसांना विचारत, मी कुणाकडे आलोय? मला त्या बशीची भीती वाटते. ही गोष्ट मी डेनीसला कधी सांगितलेली नाही.

तर मी चेंबर उतरवलं. आत चार बोटं काळा गाळ होता. तो तसाच ठेवून डॅरिलने चेंबर सोड्याच्या टाकीत भिजत घातलं आणि मी वर बघितलं.

टोप्यांवर खुणा होत्या.

रॉड उतरवण्याआधी प्रत्येक कारागीर टोकदार सेंटर पंचाने रॉडवर आणि टोपीवर सारख्याच खुणा ठोकतो, म्हणजे ज्याची टोपी त्याला परत बसते. माझी पद्धत माझी आहे. पाचापर्यंत ठिपके, आणि सहापासून आडवी रेघ व तिच्यावर ठिपके. रेघ म्हणजे पाच. माझी तर्जनी अर्धीच उरली आहे, त्यामुळे माझी रेघ डावीकडे कलते. समोर आठ टोप्या होत्या. पाचवीवर पाच ठिपके, सहावीवर रेघ आणि ठिपका, सातवीवर रेघ आणि दोन. प्रत्येक रेघ डावीकडे कललेली.

मी अजून पंच हातात घेतला नव्हता. निदान मला तसं वाटत होतं.

डॅरिल कोनी, म्हणजे इथला हॉटडॉग, खायला गेला होता. परत आला तेव्हा त्याच्या मिशीला मोहरी लागलेली होती. मी विचारलं, या खुणा कुणी केल्या? त्याने टोप्यांकडे पाहिलं, मग जरा जास्तच वेळ माझ्याकडे.

"तुम्हीच केल्यात की, पॉप. मी जेवायला निघालो तेव्हा."

"तू पाहिलंस?"

"पाहिलं ना."

म्हणजे मी विसरलो होतो. आणि लगेच दुसरा विचार आला. डॅरिल माझ्या हाताखाली अकरा वर्षं आहे, माझ्या खुणा त्याला पाठ आहेत. त्याला हे दुकान मोडून झटपट ऑइल बदलून देणारं केंद्र काढायचंय, दर ख्रिसमसला विषय निघतो. दुपारभर मी त्याच्याकडे चोरून बघत होतो. तोही माझ्याकडे चोरून बघत होता. आम्ही एकमेकांना नटबोल्टचे पाने देत होतो.

चार वाजता मी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं. ताजा ठिपका चांदीसारखा चमकतो. हे चमकत नव्हते. प्रत्येक ठिपक्याच्या तळाशी भाजलेल्या ऑइलचा तपकिरी थर होता, काकवीसारखा. तो वर्षानुवर्षं गरम झाल्याशिवाय बसत नाही. मी नखाने खरवडला. निघाला नाही.

मी भिंग डॅरिलच्या हातात दिलं. त्याने पहिल्या टोपीपासून आठव्यापर्यंत बघितलं, मग पुन्हा उलटं बघत आला.

"मी काही पाहिलं नव्हतं, पॉप," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही विसरलात. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोललो."

राग यायला हवा होता. उलट मला हलकं वाटलं, इतकं की मी तिथल्या स्टुलावर बसलो. ज्या खुणा मी केल्या नाहीत, त्याही माझ्या हातच्या वाटू शकतात. मग वसंतातली चूकही कदाचित माझी नसेल. खुणा कुणाच्या, हा प्रश्न मी बाजूला सारला. म्हातारा माणूस सुटकेचा निःश्वास टाकताना फार चौकशी करत नाही.

"पॉप," डॅरिल म्हणाला. तो अजून इंजिनाखालीच होता. "तीनवर चारची टोपी आहे."

आणि चारवर तीनची. दोन्ही बेअरिंगं मात्र नव्यासारखी गुळगुळीत होती. ते इंजिन तसंच एकवीस वर्षं चाललं होतं.

पुढचे तीन आठवडे मी जपून काम केलं. सिलिंडरचे बोअर घासले, क्रँक पॉलिश केला, टोप्या आपापल्या रॉडवर परत आणल्या. प्रत्येक टोपी बसवताना मी नंबर मोठ्याने म्हणायचो आणि डॅरिल खालून तोच नंबर परत म्हणायचा, लहान मुलांच्या पाढ्यासारखा. तीनवर तीन. चारवर चार. क्रँक कुठेही न अडता एका हाताने फिरला. डेनीसला फोन केला की शुक्रवारी दुपारी ये, चेंबर लावायचं आहे.

आमच्या दुकानात एक रीत आहे. ज्याने इंजिन बांधलं, त्याने चेंबरच्या आतल्या बाजूला पोलादी टोच्याने आपलं पूर्ण नाव कोरायचं. वरून ऑइल येतं, नाव झाकलं जातं. पुन्हा कुणी इंजिन उघडेल, तेव्हाच ते दिसेल.

शुक्रवारी डॅरिलने टाकीतून चेंबर काढलं, गाळ खरवडला, पाण्याने धुतलं आणि उजेडात धरलं. मग ते हळूच बाकावर ठेवलं.

तळाशी कोरलेलं होतं, 'नॉर्बर्ट'.

हे माझं नाव. त्यापुढे काही नव्हतं, फक्त टोच्या घसरल्याची एक लांब बारीक रेघ कडेपर्यंत गेलेली. खाचेत तोच तपकिरी थर.

"पन्नास साली या गावात शंभर नॉर्बर्ट असतील," डॅरिल म्हणाला. "कारखान्यातला कुणीतरी."

"असेल," मी म्हणालो.

"अर्धवटच सोडलंय बिचाऱ्याने. जेवणाचा भोंगा झाला असेल."

बाहेर डेनीसची गाडी थांबली. डॅरिलने पटकन त्या नावावर ऑइलचा बोळा फिरवला. त्या क्षणी मला तो पोटच्या पोरासारखा वाटला.

डेनीस आत आली, क्रँक स्वतः फिरवून पाहिला आणि हसली. कितीतरी महिन्यांनी. मग ती बाकावर हात टेकून उभी राहिली.

"चल डॅड, नाव घाल."

मी बोळ्याने तळ पुसला. जुन्या नावाच्या बरोबर खाली टोच्या टेकवला.

नॉर्बर्ट, असं कोरलं. झरझर.

मग टोच्या थांबला.

मी वाट पाहिली. छपरावर पाऊस वाजत होता. माझ्या नावाची पाटी दुकानाच्या बाहेर होती, इथून दिसत नव्हती.

"डॅड?"

"कोरतोय की," मी म्हणालो. टोच्याचं टोक पत्र्यावर सरकायला लागलं होतं. मी हसलो, थट्टा करतोय असं वाटावं म्हणून.

"डेनीस, लग्नाआधी तू आडनाव काय लावायचीस गं?"

ती हसली नाही. डॅरिलने आधी चेंबरकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.