भयगंध

चार नंबर विभागाची शिफ्ट इंजिनिअर नीलांबरी कोळंबकर घातपाती आहे, याबद्दल कर्नल घोरपडे यांची खात्री पटली होती. त्यांची खात्री तशी लवकरच पटत असे. सैन्यातून निवृत्त होऊन ते ‘अग्रणी रसायन’चे सुरक्षाप्रमुख झाले, तेव्हापासून कारखान्यात कोणी मोठ्याने हसतही नसे. त्यात मागच्याच आठवड्यात धमकी आली होती : आमचा माणूस तुमच्या आत आहे, दसरा उलटला की कारखाना उडेल.

दसरा काल उलटला होता, आणि सुरक्षा-कक्षातल्या पडद्यावर चार नंबरचा आलेख सकाळपासून चढत होता.

“भयगंधमापक खोटं बोलत नाही, असं तुम्हीच म्हणालात ना डॉक्टर?” कर्नलनी विचारलं.

“म्हणाले,” डॉ. वेदवती खांबेटे म्हणाल्या. हे यंत्र त्यांचंच. “माणूस घाबरला की त्याच्या घामात एक वेगळं रसायन उतरतं. मापक ते हवेतून टिपतो. कधी कधी मनाला कळायच्या आधी शरीर घाबरतं, तेही टिपतो.”

“सगळ्यात जास्त भीती हिच्या टेबलाशी आहे. पोलीस निघालेत.”

“अहो, पण मी कशाला घाबरू?” समोर बसलेली नीलांबरी रडकुंडीला आली होती. “सकाळपासून जरा अस्वस्थ वाटतंय, एवढंच. माझी नोकरी जाईल हो, सर!”

डॉ. खांबेटे पडद्याकडे बघता बघता एकदम ताठ बसल्या.

“कर्नलसाहेब, या खोलीतही मापक आहे. तुम्ही हिला इतकं दरडावताय, तरी इथला आलेख सकाळी हिच्या टेबलाशी होता त्याच्या निम्मासुद्धा नाही. गुन्हेगार पकडला गेल्यावर जास्त घाबरेल की कमी?”

“जास्त.”

“आणि हिच्या खुर्चीवर आता कोण आहे?”

“माझा पहारेकरी.”

“त्याचा आलेख बघा. हिच्यापेक्षा वर गेलाय! भीती हिच्यात नाही, त्या जागेत आहे. तिथली हवा या दोघांच्या नाकांना नकोशी झालीय, फक्त मनापर्यंत पोचलेली नाही.”

कर्नलच्या हट्टीपणाबद्दल काहीही म्हणा, पण हुकूम द्यायला त्यांनी क्षणही घालवला नाही. भोंगा वाजला, चार नंबर रिकामा झाला. मुखवटे चढवून आत गेलेल्या पथकाला पंपाच्या सीलमधून विषारी वायू झिरपताना सापडला. शेजारच्या भिंतीवरचा वायुसूचक मुका होता. खंडेनवमीच्या यंत्रपूजेत उदबत्तीच्या धुराने तो बोंबलू नये म्हणून कोणीतरी त्याच्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती, वर झेंडूची माळही घातली होती, आणि पिशवी तशीच राहिली होती. माणसं मात्र सगळी वाचली. धमकी पुढे कुठल्याशा रिकामटेकड्या पोरांची निघाली.

कर्नलनी नीलांबरीची माफी मागितली, आणि लगेच पिशवी कोणी बांधली याची चौकशी लावली. कोणी तोंड उघडलं नाही.

विभाग पुन्हा सुरू झाला, आणि आलेख पुन्हा चढू लागला. पंप तपासले, नळ तपासले, हवा तपासली. कुठे काही नाही. रोज दुपारी आलेख चढे आणि थोड्या वेळाने उतरे.

“गळती सापडली,” एके दिवशी डॉ. खांबेटे म्हणाल्या. “रोज तुम्ही फेरीला गेलात की सुरू होते.”

 कर्नलना हे खरोखर लागलं.

“त्या पिशवीची आठवण एकाला पूजेच्या दुसऱ्याच दिवशी झाली होती,” डॉक्टर हळूच म्हणाल्या. “पण तुम्हाला सांगायचं कोणी?”

दुसऱ्या दिवशी कर्नल चहाच्या सुट्टीत चार नंबरमध्ये गेले आणि कामगारांमध्ये एका स्टुलावर बसले. पडद्यावर रेषा नेहमीसारखी उसळली.

“पिशवी कोणी बांधली ते मला नकोय. चौकशी बंद,” ते म्हणाले. “नीलांबरीताईंची माफी मी बंद खोलीत मागितली होती, ती तुमच्यासमोर मागायला हवी होती. ताई, माझं चुकलं.” मग ते किटलीकडे वळले. “मलाही चहा द्या कोणीतरी.”

कोणीतरी कप पुढे केला. नीलांबरी हसली. डॉ. खांबेटे वर सुरक्षा-कक्षात बसून रेषेकडे बघत होत्या. ती अडखळली आणि मग खाली, आणखी खाली येत गेली.

मागच्या बाकावरून एक फिटर चाचरत उठला.

“साहेब, एक सांगू का? दोन नंबरच्या टाकीचा व्हॉल्व्ह आठवडाभर नीट बसत नाहीये.”

कर्नलनी कप खाली ठेवला.

“चला,” ते म्हणाले, “दाखवा मला.”